बंद करायची सवय

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा.
तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस,
तळमजल्यावर अजून एक लेथ चालतो,
त्याची थरथर कीबोर्डपर्यंत येते.

हर्षला भोईर, वय तेवीस, म्हणते,
सर, नव्या भाषेत टॅग बंद करावे लागत नाहीत.
दोन स्पेस आत सरकलं की आतलं,
बाहेर आलं की संपलं.
एवढंच?
एवढंच.

एकोणीस वर्षं मी बंद करत आलोय.
कंस उघडला की मिटव, टेबल उघडलं की मिटव.
पतपेढीच्या साइटवर एकदा एक डिव्ह उघडा राहिला
तर अध्यक्षांचा फोटो घसरत घसरत
थकबाकीदारांच्या यादीत जाऊन बसला.
रात्री दीडला सापडलं.
(अध्यक्ष अजून माझ्याशी बोलत नाहीत.)

वडील याच रोडवर साचे करायचे.
बादलीच्या कड्यांचे, कंगव्यांचे,
एकदा बाहुलीच्या डाव्या हाताचा.
उजवा कुणी केला, कळलं नाही.
सीएनसी मशीन आली तेव्हा मालकांनी विचारलं,
शिकणार का, दामूअण्णा?
ते म्हणाले, बघतो.
आणि बघत राहिले
मशीनच्या काचेतून आत,
रिटायर होईपर्यंत.

हर्षलालाही मी म्हणालो, बघतो.
माझ्याच तोंडून, त्यांच्याच आवाजात.

पण एक सांगतो. चार वर्षांमागं
अशीच एक भाषा शिकलो होतो, वही घालून, पानं आखून.
ती आता कुणी वापरत नाही.
जिनं आग्रह केला ती बंगळूरला गेली,
ज्यानं बनवली त्यानं दुसरी बनवली.
वही आहे. मागच्या पानांवर दुधाचा हिशेब.
तेव्हा नवं म्हटलं की
मी आधी खिसा चाचपतो.

सात वाजता मजला रिकामा झाला.
खालचा लेथ थांबला, थरथर थांबली,
मग तिची सवय किती होती ते कळलं.
तीनशे चाळीस जुनी पानं तशीच ठेवली.
सगळ्यात लहान शाखेचं एक पान घेतलं,
नवी फाइल, दोन स्पेस,
पत्ता. पुन्हा दोन. फोन.
शेवटी करंगळी आपोआप
तिरक्या रेघेवर जाऊन बसली
आणि तिथंच राहिली.
मिटवायला काही नव्हतं.

पान उघडून पाहिलं.
सगळं जागच्या जागी होतं.
कळवा शाखा, दहा ते पाच.
बुधवारी बंद.