ळ

स्टुडिओ पुण्याचा. त्यांनी कळवलंय:
दहाच कामं, एकच पीडीएफ, पंधरा एमबीच्या आत,
आणि स्वतःविषयी शंभर शब्द.

आरमोरीच्या सेवा केंद्रातला खेमराज म्हणाला,
बायोडाटा ना? फॉरमॅट तयार आहे,
वर गणपती, खाली उंची, रंग, मामाचं गाव.
नोकरीचा, मी म्हटलं.
मग गणपती ठेवू का काढू, त्यानं विचारलं,
अगदी मनापासून.

चार वर्षं नागपुरात मी केलं काय?
कधीच न निघालेल्या सरबताचं वेष्टन,
न बांधलेल्या विमानतळावरचे बाण,
एका कॅफेचा मेनू, ज्यातल्या पदार्थांची नावं
मीच ठेवली, खाल्ला एकही नाही.
तीन पानं काढली. दोन परत घातली.
रात्री बाराला पुन्हा काढली.
मॉकअपमधले ते गोरे हात
माझी पिशवी धरून उभे, पानामागून पान.
कोणाचे आहेत, ठाऊक नाही.

दुपारी बाबा आले
धानाच्या मिलची भिंत अर्धी सोडून,
पायजम्यावर सिंदुरी ऑइलपेंट.
स्क्रीनवर वाकून बराच वेळ पाहिलं.
"एवढी जागा खाली काहून सोडली वं?
मानूस पैसे तं पुऱ्या पाटीचे देते."
ती व्हाइट स्पेस आहे, बाबा.
"मंग तिचा अलग भाव लाव."

सातव्या पानाशी अडकले आहे.
तिथे पानभर एकच अक्षर.

आमच्या घरात ळ कोणी बोलत नाही.
तांदूर. डोरा. शारा. कारा.
पहिल्या वर्षी मी वर्गात 'फरा' म्हटलं
आणि मागच्या बाकावरून तो शब्द
तीन दिवस माझ्याकडे परत येत राहिला.
मग ळ शिकले, जीभ मागे वळवून,
वसतिगृहाच्या न्हाणीत, नळ सोडून,
कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

बाबाही तांदूरच म्हणतात.
पण भिंतीवर बाकीची अक्षरं एका दमात,
ळ आला की ब्रश पुसतात, नवा रंग घेतात,
आणि दोन्ही गोल पुरते गोल काढतात,
शब्दाला न शोभतील एवढे मोठे,
पाहुण्याला पाट मांडावा तसे.

या उन्हाळ्यात त्यांचे फोटो काढत फिरले,
ठाणेगाव, वैरागड, देलनवाडी.
मोहाच्या झाडाआडची शाळा. दंडारीचं मंडळ.
पळसगावची पाटी, जिचा गाव तेवढा गंजलेला.
एका भिंतीवर 'वेळ सकाळी नऊ ते',
पुढचं फ्लेक्सनं झाकलेलं.
अठ्ठावीस मिळाले. सारखा एकही नाही.

आता खाली काय लिहू?
संशोधन? संदर्भ? सहकार्य?
बाबा म्हणाले, सहीखाली फोन नंबर टाकते मी तं.
'दुधराम पेंटर' आणि दहा आकडे,
सात गावांत अजून आहेत.
तो नंबर आता लागत नाही.

स्वतःविषयी सव्वीस शब्द झालेत.
त्यातले दोन नाव-आडनाव.
घरी कोहरे, पाटीवर कोहळे,
आणि फाइलला नाव इंग्रजीत द्यावं लागतं,
तिथे मी कोहाले.

नेटवर्क मिलपाशीच मिळतं.
अपलोड लावून फोन खिशात टाकला, चौसष्ट टक्के.
दोरी धर, बाबा म्हणाले.
निळीत बुडवलेली दोरी त्यांनी ताणून सोडली:
भिंतीवर एक रेघ, माझ्या कुर्त्यावर शिंतोडे.
मग डबा धरला मी.
ता. त्यावर टिंब. दू.
खिशात काहीतरी एकदा थरथरलं.
बाबांनी माझ्या हातातल्या डब्याच्या काठावर
ब्रश पुसला, दोन्ही बाजूंनी,
आणि मागे सरून
जागा किती उरली ते पाहिलं.