माणशी तीन लिटर

दिवाळी उरकली आणि ऋजुता आली,
बॅगेत दोन कुर्ते, बाकी सगळ्या रिकाम्या बरण्या.
कोचीत म्हणे काही वाळत नाही, बुरशी धरते,
म्हणून मेथी, गाजर, टोमॅटोच्या चकत्या
आमच्या रामबागेतल्या गच्चीवर,
जुन्या धोतरावर, अकरा दिवस.
मी काठी घेऊन कबुतरं हाकत बसलो.
पेन्शनरला काम मिळालं.

सियागंजात तिने तूरडाळ दातांनी फोडून पाहिली.
दुकानदार म्हणाला, लग्न कुणाचं, भिया?
मी म्हटलं, लग्न नाही, होडी आहे.
छत्तीस फुटांची. माणसं दोन, ही आणि बिजू.
मॉरिशसपर्यंत, शिडावर.
तो जरा वेळ माझ्याकडेच बघत राहिला,
मग पाव किलो जीरावन बांधून दिलं,
पैसे घेतले नाहीत.

खोका मात्र एकही नको. पुठ्ठ्यात झुरळांची अंडी असतात,
होडीवर चढली की उतरत नाहीत.
गल्ल्यासमोरच सगळं पिशव्यांत ओतलं.
घरी डब्यांची लेबलं सोलली, ओलाव्याने सुटून पंपात अडकतात,
झाकणांवर मार्करने लिहिलं: राजमा. राजमा. आमरस.
अंडी तिकडे घेणार, न धुतलेली,
व्हॅसलीन चोपडून, दर दोन दिवसांनी कूस पालटून.
आजारी माणसासारखी, मी म्हटलं.
ती हसली नाही.
तिच्या आईची कूस आम्ही दोघांनी पालटली होती,
सात महिने.

मग पाण्याचं निघालं.
मी एकतीस वर्षं व्हॉल्व्हमन.
जलूदहून डोंगर चढून आलेली नर्मदा
अन्नपूर्णेच्या टाकीवरून
पहाटे चारला, एक दिवसाआड, पाऊण तास सोडायची.
कुणाच्या घरी लग्न असलं तर दहा मिनिटं जास्त.
ज्या गल्लीने शिव्या दिल्या तिला तेवढीच कमी.
असं केलंय मी.

माणशी तीन लिटर, ती म्हणाली,
पिणं, चहा, डाळ, दात, सगळं धरून.
भांडी, आंघोळ खाऱ्यात.
भाताला एक वाटी खारं, दोन वाट्या गोडं,
वरून मीठ नको.
अंदाज पंचवीस दिवसांचा, भरायचं चाळिसांचं,
वारा काही आपल्या घरी नोकरीला नाही.
टाकी दोनशेची. वीसचे चार कॅन वेगळे बांधलेले,
टाकी नासली तर.
मी हिशेब दोनदा तपासला. बरोबर होता.
चाळीस लिटर उरत होते.
टाकी खरंच नासली, तर नुसत्या कॅनवर किती दिवस,
तेही मनात काढलं.
बोललो नाही.

निघताना म्हटलं, एक कॅन इथलं ने.
बाबा, एका लिटरला एक किलो वजन,
रेल्वेत कोण उचलेल? पाणी कोचीत भरू.
बरोबरच.
स्टेशनवर तिची बाटली नळावर भरून दिली.
रतलाम यायच्या आत संपवली असेल.

आता घरात मोटर आहे,
गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी.
तरी ती निघाली त्या दिवसापासून
सकाळी तीन लिटर मोजून कळशीत घेतो.
पहिल्या दिवशी दुपारी चारलाच खडखडाट,
चहा दोनदा झाला होता.
पोळ्या करणाऱ्या शेवंताबाई म्हणाल्या, तब्येत बरी आहे ना?
एकदा त्यांना सुट्टी देऊन
कणीक खाऱ्या पाण्यात भिजवली.
समुद्र किती खारट, मला कुठे माहीत,
आपलं अंदाजाने मीठ.
पोळी खाल्ली. खाता येते.

फोन लागत नाही. मोबाइलच्या नकाशात एक ठिपका आहे,
दर सहा तासांनी सरकतो.
काल सरकला नाही.
रात्री कळशीत अर्धा लोटा पाणी उरलं.
तुळशीला घालावं म्हणून उठलो,
दारापर्यंत गेलो,
परत आलो,
वर ताटली झाकून ठेवलं.