कच्चा थर

गच्चीवर बाज, बाजेवर चार चादरी,
सेकंडच्या, कडेचा दोरा सुटलेल्या.
मे महिना. अशोक चौकात रात्री दहालाही
सिमेंट तळव्यांना चावतं.
गोवर्धन मला बर्फ समजावतोय.

"ही नोव्हेंबरची. पडते, आणि महिनाभर
उघडीच राहते थंडीत.
आतून तिची साखर होते."
आणि खरंच, आईच्या डब्यातली दोन मुठी साखर
त्यानं तिच्यावर पसरली.
वर डिसेंबर.
वर जानेवारी, वाऱ्यानं दाबून बसवलेला.
सगळ्यात वर मोरांची, कालच पडलेली,
जिच्यावरून स्की सोडायला
माणूस जीव टाकतो.

"वरून काही कळत नाही, अक्का."

मी दिवसाला चारशे घड्या घालते.
मला वाटायचं, मला कळतं.

बाजेचं उसं त्यानं कठड्यावर चढवलं.
"याहून कमी असेल तर उतार झोपलेला असतो.
फारच उभा असेल तर बर्फ साठतच नाही.
मधला, जो आपल्याला आवडतो,
तोच खातो. आता ठोक."

मनगटातून दहा.
कोपरातून दहा.
खांद्यातून एक, दोन,
आणि मोर गेले.
तीन थर एकदम, घडी न मोडता,
माझ्या पायांवर.
आवाज एवढासाच, पोटातून आल्यासारखा:
हुप्प.
खालून आई ओरडली, काय पाडलंत रे?

मी हसले. तो नाही.

"आम्ही खड्डा खणला होता. ठोकलंही होतं.
बाराव्यालाच सुटलं. वहीत आहे अजून.
परत फिरू, तिघे म्हणालो.
पण त्याच उतारावर कुणाचीतरी
आदल्या दिवशीची रेघ होती,
वरपासून खालपर्यंत, सुंदर.
टिकेंद्र रेघेकडे बघत होता.
वहीकडे नाही."

पुढचं मी विचारलं नाही.
त्यानं टाकीवरचा तांब्या उचलला,
पाणी प्यायला,
आणि अंधारात चादरी झाडत बसला.

सकाळी नोव्हेंबरवर मुंग्या होत्या.
एकेक दाणा उचलून
कठड्याच्या फटीकडे निघालेल्या.
गोवर्धन उकिडवा बसून बघत होता.
"राहू दे," म्हणाला, "नेऊ देत."

मी कामावर गेले, अक्कलकोट रोडला.
घडीखात्यात थप्पी छताला टेकलेली.
हात घालण्याआधी मनगटातून
दोनदा ठोकलं.

मुकादम म्हणाला,
काय गं, आत कुणी आहे का?