मालक अज्ञात

जुन्या लाइफबोटीच्या शेडवर दोन खोल्या,
तेवढंच थॉर्नसीचं संग्रहालय.
गुरुवारी माझी पाळी असते.
हीटर लावायचा, गल्ल्यात सुटे पौंड आहेत का बघायचं,
खिडकीच्या फटीतून आलेली वाळू सुपलीत भरून
समुद्राकडे परत फेकायची.
पुढच्या गुरुवारी ती येतेच.

आहे काय इथे, म्हणाल तर
बंद पडलेल्या स्टेशनाची घंटा,
खाऱ्या पाण्यानं फुगलेलं, आता न मिटणारं बायबल,
खेकड्यांचे पिंजरे,
कडा ढासळून समुद्रात गेलेल्या तीन गल्ल्यांचा नकाशा.
त्यातल्या एका गल्लीच्या नावानं
अजून टपाल येतं, म्हणे.
'म्हणे' हा शब्द इथे फार लागतो.
बेरिल, आमची क्युरेटर,
खात्री नसेल तिथे तो पेन्सिलीनं लिहिते,
खोडायला सोपं जावं म्हणून.

आणि कोपऱ्यातल्या कपाटात
भरतीरेषेवर सापडलेल्या कवळ्या. अकरा.
सुट्टीवर आलेल्यांनी लाटेत हसता हसता घालवलेल्या.
पोरं सगळ्यात जास्त इथेच रेंगाळतात.
खालच्या फळीवर, डावीकडची:
'वरची कवळी. वादळानंतर, उत्तर किनाऱ्यावर.
मालक अज्ञात.'

अज्ञात कसला!
दात कोरून पोट भरत नाही म्हणतात.
माझं भरलं, एकतीस वर्षं, याच गावाचे कोरून.
तो डावा सुळा तिरका आहे, बघा.
माझी चूक नव्हे ती,
हॅरॉल्ड कॅमिशनं मागून घेतला होता:
"सरळ नको डॉक्टर, होता तसाच वाकडा बसवा,
नाहीतर बायको घरात घ्यायची नाही."
मेण तापवून तापवून
तीनदा हलवला तो सुळा,
कॉलेजात शिकलेलं सगळं विसरायला लागलं त्यासाठी.
आठ महिन्यांत हा बाबा
होडीच्या कडेवर वाकून शिंकला.
दुसऱ्या दिवशी दारात उभा, तोंडावर टोपी धरून:
"आता खेकडे मला चावणार,
माझ्याच दातांनी."
दुसरी करून दिली. ती त्याच्याबरोबर पुरली.

एडना, त्याची बायको, गुरुवारीच येते.
तिकीट काढते, हवं नसलं तरी.
हीटरपाशी कोट न काढता बसते,
मग त्या कपाटापुढे उभी राहते,
चहा गार होईपर्यंत.
मी आपला दातखीळ बसल्यासारखा
पोस्टकार्डं लावत राहतो, लावलेलीच.
असं वर्ष गेलं.

गेल्या गुरुवारी बाहेर गारा पडत होत्या,
आत आम्ही दोघंच आणि कुणाचं तरी कुत्रं.
म्हटलं, एडना, ते लेबल
बदलू का?

तिनं काचेवर बसलेला स्वतःचा श्वास
बाहीनं पुसला.
"सुळ्यावरूनच ओळखलं होतं, पहिल्याच दिवशी.
राहू दे.
घरी नेलं तर कपात पडून राहील.
इथे पोरं हसतात त्याला,
तोही हसतो."

चार वाजता हीटर बंद केला.
वहीत लिहिलं:
आज आलेले सात, पैकी एक कुत्रं.
मग बेरिलची पेन्सिल घेतली,
कपाट उघडलं
आणि 'मालक अज्ञात'च्या पुढे
बारीक अक्षरात लिहिलं,
म्हणे.