भोपळ्याला तोंड

शाळेच्या ग्रुपवर आलं:
भोपळा घरी कोरा, दारात ठेवा, फोटो पाठवा.
ईश्वरीने तीनदा वाचून दाखवलं,
तिसऱ्यांदा कन्नडमध्ये, मला चिडवायला.

तसला गोल केशरी रविवार पेठेत कुठून असणार?
मिळाला तो आपला नेहमीचा,
बसका, फाकीफाकींचा, अर्धा हिरवाच,
एका अंगाला मातीत पडून राहिल्याचा पांढरा डाग.
‘अख्खा?’ बाईने विचारलं,
‘पंगत घालूलालीस काय कुणाला?’
‘नाही, तोंड काढायचंय त्याला.’
ती हसली नाही. दहा रुपये कमी केले खरं.

आता तो ओट्यावर
आणि मी सुरी धरून त्याच्यासमोर.
अख्ख्या भोपळ्याला पहिला चिरा बाईने घालू नये
हे कुणी शिकवलं, आठवत नाही.
आईने नाही. सासूने नाही.
हात आपला थांबतो,
मांजर आडवं गेल्यावर पाय थांबतो तसा.

नवरा उद्याच्या फेरीच्या मीटिंगला.
त्याचा काळा शर्ट इस्त्री होऊन खुर्चीच्या पाठीला,
आणि दंडाच्या फिती कापून उरलेलं
दीड मीटर काळं कापड ईश्वरीच्या खांद्यावर.
चेटकीण झालीय ती. या खोलीतून त्या खोलीत उडतेय.
‘आई, उद्या बाबा पण चेटकीण?’
‘तू आधी सोफ्यावरून खाली उतर.’

भिंतीपलीकडे हुदली मामा
लाल-पिवळ्या पताकांची दोरी सोडवत बसलेत.
दरवर्षी तोच गुंता, दरवर्षी त्याच शिव्या.
आमच्यात म्हणे विळ्या-भोपळ्याचं सख्य,
पेपरात येतं तसं, नोव्हेंबर लागला की.
विळी आमची. धार लावून आणली त्यांनी, पाडव्याला.

‘मामा, एक चिरा घालून द्या की.’
का, ते विचारलं नाही. त्यांच्यातही तसंच असणार.
चप्पल काढून आत आले,
भोपळ्यावर तळहात ठेवला,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
‘कोडव्वा,’ म्हणाले, आणि सुरी घेतली.

ठक्. देठाशी.
ओला, गोडसर, बंद खोलीचा वास.
मग भोपळा फिरवत, फिरवत,
‘बायी यल्ली?’
‘ही काय, इथंच की,’ मी म्हटलं,
स्वतःकडे बोट करून.
ईश्वरी काळ्या कापडासकट जमिनीवर.
‘आई, बायी म्हणजे तोंड गं!’
मग मामाही, कवळी निसटेपर्यंत.

पुढचं मी केलं.
डोळे दोन, त्यातला एक मोठा झाला.
दात पाच काढायचे होते, चौथा मोडला.
गर असा घट्ट की चमचा वाकला.
बिया सुपात, गर किसून परातीत, घारग्यांना,
आणि आत दिवाळीतली उरलेली पणती.
लाइट घालवली,
तर तो घाबरवेना कुणालाच.
दाढदुखीने झोप न लागलेल्या माणसासारखा
भिंतीवर बसून रस्त्याकडे बघत राहिला.

नवरा साडेदहाला आला. गाडी बंद करून उभा राहिला.
‘पोरीचा होमवर्क,’ मी म्हटलं.
‘पहिला चिरा कुणी घातला?’
सांगितलं.
काही बोलला नाही. दोन घारगे खाल्ले,
सहा डब्यात भरले,
आणि डबा भिंतीवरून पलीकडे दिला, अंधारातच.

सकाळी काळा शर्ट एका दिशेला गेला,
पताका दुसऱ्या.
कोपऱ्यावरचा पोलीस सावली बघून
खुर्ची घेऊन आमच्या भिंतीखाली बसला.
वर भोपळा, आतून काजळीने काळा, ओठांशी पिवळा.
त्याने दोनदा मान वर केली,
वहीत लिहावं का, ठरेना बहुतेक.

दुपारी गाय आली.
तिने आधी दात खाल्ले.
मोडलेला चौथा ईश्वरीने कालच उचललेला,
कंपासपेटीत ठेवलाय, खोडरबराशेजारी.
वास सुटायला लागलाय त्याला.
टाकू देत नाही.