टाकी

सेटलमेंटची तार कधीच गेली.
खांब तेवढा एक उरलाय, त्याला आता कुणाची तरी डिश,
आणि खाली सुंद्राआत्याची खाट.
मे महिना. चव्वेचाळीस अंश.
तिनं पदर भिजवून डोक्यावर घेतलाय
आणि म्हणते, लिव्ह. आज सांगते.

मी वही उघडते.
दिवसभर कचेरीत दुसऱ्यांच्या पेन्शनी,
मग सात रस्ता ओलांडून इकडं.
कादंबरी चाळीसाव्या पानावर अडकलीय:
धोंडाई तारेपाशी येते
आणि पुढं जात नाही.

धोंडाई माझी पणजी.
तिच्याविषयी कागद एकच,
हजेरीबुकाचं पान, झेरॉक्सची झेरॉक्स, कडा काळ्या.
नंबर दोनशे सोळा. बाई. डाव्या भुवईवर वण.
हजर, हजर, हजर, हजर,
आणि जानेवारीतल्या एका रात्री, गड्ड्याच्या दिवसांत,
फुली.

त्या फुलीवर मी तीन वर्षं लिहितेय.

घरात ऐकलेलं ते असं:
त्या रात्री ती तारेखालून सरपटत गेली,
होम मैदानावर लाकडी पाळण्यात बसली,
आणि वरून तिला सगळं दिसलं,
तळ्यातलं देऊळ, गिरणीचं धुराडं,
सेटलमेंट, काडेपेटीएवढी.
भोंग्याच्या आधी परत. ओच्यात रेवड्या.
मार खाल्ला, पण कुठं होतीस ते सांगितलं नाही.

सांगितलं नाही, तर मग आपल्याला कसं कळलं?
इतक्या वर्षांत हे मी आज विचारते.

आत्या पान जुळवते. चुना जरा जास्तच लावते.
“मीच रचलं की.
तुझा बाप रातच्याला रडायचा भुकेनं.
पोटात घालायला काय नव्हतं,
मग कानात पाळणा घातला.”

आणि खरं?

“खरं कुणाला ठावं.
म्हातारीला इचारलं तर म्हणायची,
फौजदाराला नाय सांगितलं, ते तुला सांगू व्हय?”

माझी पहिली गोष्ट, दुसरी,
ते बक्षीस, ती शाल,
सगळ्याच्या बुडाशी हा पाळणा होता.
सरकारनं आमच्याबद्दल छापून ठेवलेलं:
जात खोटारडी, जन्मानं.
आता सभागृहात हार घालून विचारतात, प्रेरणा कुठून मिळते?
मी ‘घराण्याचा वारसा’ म्हणते.
टाळ्या पडतात.

दारात जुन्या जात्याची तळी पालथी पडलीय,
तिच्यावर चपला धुतात पोरं.
आम्ही जाती घडवणारे नव्हे.
झिजलेल्या जात्याला टाकी लावायची, हा आमचा धंदा.
गुळगुळीत दगड दळत नाही, दाणा नुसता घरंगळतो.
त्याला ठोकून ठोकून दात आणायचे
आणि घरधनिणीला बजावायचं:
पहिलं दळण टाकून दे बाई, त्यात कच असते.

मी चाळीस पानं पुन्हा चाळते.
एकही शब्द दाताखाली येत नाही.
किती गुळगुळीत लिहिलंय मी तिला.
शूर, सोशिक, वाऱ्यावर केस.
ती हसली का, घाबरली का,
पाळणा खाली येताना पोटात गोळा आला का तिच्या,
कुठंच नाही.

सगळी पानं फाडते. आत्या बघते, काही म्हणत नाही.
कागदाचे बोळे करून खाटेच्या पायाखाली सारते,
खाट डुगडुगत होती.

मग अंधार पडतो, वीज जाते,
आणि विचारलं नसताना ती बोलते:

“पर एक हाय.
मला गड्ड्यात न्यायची तवा
पाळण्याजवळनं जाताना म्हातारी मान फिरवायची.
कधी वर बघितलं नाय तिनं.
पाळण्याचा मालक मात्र,
चांगला दांडगा माणूस, पिकल्या मिशांचा,
ती दिसली की
बसल्या जागचा उठून उभा ऱ्हायचा.”

हेही रचलंस का, आत्या?
ओठांवर येतं. विचारत नाही.
अंधारातच वही चाचपते,
कोरं पान आहे की लिहिलेलं, कळत नाही,
लिहायला लागते.