दुसरा दोर

बावीस वर्षं एकाच दोरावर काढली.
वर मी, कमरेला करवत,
खाली इद्वल, ओठात विझलेली सिगारेट,
दोर हातात असा सैल, जशी गाय घरी आणतोय.
वारा फिरला की माझ्याआधी त्याला कळायचं.
"हेलेद, उतर," एवढंच.
मी उतरायचे.

मग अ‍ॅशची झाडं मरू लागली.
आधी शेंडे, मग डहाळ्या, मग सालीवर
शंकरपाळ्याच्या आकाराचे काळे डाग.
मेलेला ओक वर्षानुवर्षं उभा राहतो, तुमचं वजन झेलतो.
मेलेलं अ‍ॅश पापडासारखं मोडतं.
चढू नका, विमावाले म्हणाले.
आता लांब मानेचं यंत्र येतं, बसल्या जागी झाड खुडतं.
त्यात एक पोरगा असतो, हीटर लावून.
त्याच्यावर माझा राग नाही.

इद्वलने गुडघे बदलून घेतले, कोंबड्या पाळल्या.
मी एकेचाळिसाव्या वर्षी स्वान्सीच्या एका गोदामात
पोरासोरांत शिकायला बसले.
येस्टिन, शिकवणारा, म्हणाला:
झाडवाले उशिरा शिकतात,
कारण त्यांना वाटतं आपल्याला येतं.
खरं होतं. पहिल्याच दिवशी मी खांबाला
पाय मारला, सालीत रुतवतात तसा.
खांब ठणकन वाजला.

इथे दोर दोन.
एकावर तुम्ही.
दुसरा नुसता बरोबर येतो, सैल,
पहिला तुटेपर्यंत त्याला काही काम नाही.
प्रत्येक कडीला नंबर, प्रत्येक नंबराला तारीख.
झाडात आधार निवडताना मी फांदीला विचारायचे,
हिसका द्यायचे, ऐकायचे.
पोलादाला विचारायचं नसतं.
कागदाला विचारायचं.

सगळ्यात जड गेलं ते हे, की काही डुलत नाही.
पहिले तीन महिने जमिनीवर आले की चक्कर यायची.
इतक्या स्थिर कशावर मी कधी चढलेच नव्हते.

पैसे जवळजवळ दुप्पट. लोक विचारतातच, म्हणून सांगते.
छप्पर शाकारलं, दाताला कॅप बसवली.
आणि परतीचे दोर कुणी कापलेले नाहीत,
करवत अजून मागच्या दाराशी टांगलेली आहे.
तेल मी घालते.

मे महिन्यात धरणाच्या भिंतीवर होते,
हातोडीने ठोकत:
भरीव, भरीव, भरीव, पोकळ.
तिथे सांध्यात एक बर्च. बोटभर. पाच पानं.
फॉर्मवर रकाना असतो: झुडूप, काढले की नाही.
मी नखाने मूळ सोडवलं.
"काढले"वर खूण केली.
रोप खिशात घातलं आणि विसरले.
रविवारी धुण्याच्या मशीनच्या जाळीत
हिरवट चोथा सापडला, चिमूटभर.

इद्वलला फोन केला. ह्याबद्दल नाही, असाच.
तो कोंबड्यांचं बोलला. कोल्ह्याचं.
मग म्हणाला, "वारा किती आहे तिकडे?"
मी स्वयंपाकघरात होते, ओट्याशी,
खिडकी बंद.
"बेताचा," म्हणाले.
"मग ठीक," तो म्हणाला,
आणि फोन न ठेवता
बराच वेळ
लाइनवर राहिला.